नवी बाई गटात घेताना काय पाहावं?



अमरावतीच्या राजापेठेतून मी तुमच्याशी बोलते आहे. संक्रांतीचे दिवस आहेत. रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालेल, वाण लुटलं जाईल. कपाशीची शेवटची वेचणी आणि तुरीची सोंगणी यातून वेळ काढून बाया एकमेकींकडे जातील. या दिवसांत बायांच्या भेटीगाठी वाढतात आणि बचत गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कोणी तरी म्हणते, "आमच्या शेजारची म्हणून राहिली, मलेबी गटात घ्या. घ्यावं काय वं तिले?"

मग बैठकीत कुजबुज सुरू होते. एक म्हणते, "कायले घेता? रोजीले गेल्याबिगर तिच्या घरी चूल पेटत नाई. दर महिन्याले शंभर रुपये कुठून देईन थे?" दुसरी म्हणते, "घ्यायचंच असंन तं सरपंचाईनबाईले घेऊ. बँकेत तिची ओयख हाय." तिसरी हळूच विचारते, "आपल्यातली हाय काय?" या तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो, पण त्यावर मोठ्यानं कोणीच बोलत नाही. नवी बाई घेतली जाते किंवा राहून जाते, आणि का घेतली, का नाही, हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

आज आपण एवढ्याच गोष्टीवर बोलू. नवी मैत्रीण गटात घेताना काय पाहावं, आणि काय पाहू नये?

आधी हे पाहू की हा निर्णय इतका मोठा का आहे. बँक कर्ज देताना तारण मागते. शेत मागते, घर मागते, सोनं मागते. आपल्या नावावर बहुतेकींच्या यातलं काहीच नसतं. तरी बचत गटाला वीस लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. कशाच्या भरवशावर? आपण एकमेकींना ओळखतो, एकमेकींचा शब्द राखतो, एकीचा हप्ता अडला तर बाकीच्या तिला सांभाळून घेतात आणि हप्ता भरायलाही लावतात, या भरवशावर. १९९२ मध्ये नाबार्डनं देशात ५०० गट बँकांना जोडायचं ठरवून हे काम सुरू केलं, तेव्हा गरीब बाया कर्ज फेडतील यावर फार लोकांचा विश्वास नव्हता. बायांनी फेडून दाखवलं. म्हणजे आपलं तारण आपणच आहोत. नवी बाई आत घेणं म्हणजे या तारणात तिला वाटेकरी करून घेणं. म्हणून हे काम हळदीकुंकवाला बोलावण्याइतकं हलकं नाही.

आता काय पाहावं, हे ठरवायला थोडं मागं जाऊ. कारण हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदा पडलेला नाही.

सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात महिला सेवा मंडळ काढलं होतं. त्या मंडळाचा तिळगुळाचा समारंभ १४ जानेवारी १८५२ ला झाला. कलेक्टरांच्या पत्नी मिसेस जोन्स मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि सावित्रीबाई चिटणीस. त्या समारंभाच्या निमंत्रणातच स्पष्ट सांगितलं होतं, की कोणत्याही जातीच्या बाया आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. तेव्हा एका जाजमावर बसणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट! सावित्रीबाईंनी दारात उभं राहून तू ये, तू नको, असं केलं नाही. त्यांनी नियम आधी सांगितला. ज्या बाईला तो पटला, ती आली. मंडळ कशासाठी आहे हे उघड सांगून टाकलं, की माणसं आपोआप निवडली जातात.

दुसरी गोष्ट आपल्या अमरावतीची. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित वर्गाच्या बायांची अखिल भारतीय परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं बोलले. हजारो बाया आल्या होत्या. परिषदेच्या अध्यक्ष होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. काडीमोडाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्याच्या चालीला विरोध, मजूर बायांच्या अडचणी, असे ठराव तिथं झाले. लांबलांबून आलेल्या, एकमेकींचं नावगाव माहीत नसलेल्या बाया काय मागायचं यावर एक झाल्या होत्या.

तिसरी गोष्टही अमरावतीचीच. महाराष्ट्रातल्या बचत गटांचा इतिहास सांगताना सुरुवात अमरावती जिल्ह्यापासून केली जाते. १९४७ च्या सुमारास इथल्या काही बायांनी चार चार आणे टाकून बचत सुरू केली, असं सांगतात. पुढे १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ आलं, ज्याला आपण माविम म्हणतो. २०११ पासून उमेद अभियान आलं. आज गावोगाव गट आहेत. पण चार आण्यांपासून आजपर्यंत पेटी चालली ती एकाच गोष्टीवर: पेटीत हात घालणारी बाई खोटं बोलणार नाही, हा विश्वास.

तर बायांनो, जाजम आणि पेटी, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. जाजमावर सगळ्यांना जागा, आणि पेटीशी सगळ्या खऱ्या. नवी बाई घेताना एवढंच पाहायचं असतं.

आता कोणी म्हणेल, "ताई, आपली मतं जुळली पाहिजेत, विचार जुळले पाहिजेत, नाही तर गट टिकत नाही." बरोबर आहे. पण विचार जुळणं आणि सगळ्या सारख्या असणं, यात आपण फार गोंधळ करतो. एकाच आळीतल्या, एकाच जातीच्या, सारखं लुगडं नेसणाऱ्या, एकाच देवळात जाणाऱ्या बारा बायांचा गट सारखा असतो. पण त्या बारा जणींपैकी दोघी हप्ता लपवत असतील, एक जण बैठकीतलं बोलणं विहिरीवर सांगत असेल, तर त्यांचे विचार कुठं जुळले? उलट एक बाई कोरकू, एक मुसलमान, एक बौद्ध, एक कुणबी, पण चौघी वेळेवर येतात, हिशोब उघडा ठेवतात, एकमेकींची झाकली मूठ झाकलीच ठेवतात. त्यांचे विचार जुळले. आपल्या जिल्ह्याला हे शिकवायला नको. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेला कोण कुठल्या जातीचं हे विचारून बसवत नाहीत.

इथं राजापेठेच्या आजूबाजूला हे जास्त चांगलं दिसतं. दर्यापूर, अंजनगाव, नांदगाव, चांदूर अशा गावांकडून पोटासाठी आलेली कुटुंबं शहरात भाड्यानं राहतात. शेजारीण कोणाची सून, कोणाची लेक, माहेर कुठलं, कोणालाच ठाऊक नसतं. गावात आपण घराण्यावरून बाई ओळखतो. शहरात ते साधन हाती नाही. मग शहरातल्या गटाला बाईकडेच पाहावं लागतं: ती बोलते कशी, वागते कशी, दिलेला शब्द पाळते का. मला वाटतं, गावातल्या गटानंही थोडा वेळ घराणं बाजूला ठेवून असंच पाहावं.

मी चार गोष्टी सांगते. पाहा पटतात का.

पहिली, शब्द. येते म्हटलं की येणं. नाही जमलं तर आधी निरोप देणं. लक्षात घ्या, मी रोज हजर राहणं म्हणत नाही. वेचणीच्या दिवसांत मजुरीला जाणारी बाई दुपारच्या बैठकीला येऊ शकत नाही. तो तिचा दोष नाही, बैठकीची वेळ ठरवणाऱ्यांचा आहे. पण "मी येतो वं माय, सांजच्याले ठेवा" असं जी आधी सांगते, तिच्या शब्दाला किंमत आहे.

दुसरी, पैशात खरेपणा. किती कमावते हे पाहू नका, जे आहे ते सांगते का हे पाहा. मागं कधी कोणाकडून उसनं घेतलं असेल, ते परत केलं का? उशीर झाला असेल तर तोंड चुकवलं, की दारात येऊन सांगितलं?

तिसरी, तोंड राखणं. गटात बाई कर्ज मागते तेव्हा तिला कारण सांगावं लागतं. नवऱ्यानं दारूत उडवले, लेकीचं बाळंतपण अडलं, मुलाची फी थकली. हे सगळं ती आपल्यापुढं उघडं करते. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी हापशीवर ऐकू आली, तर ती बाई पुन्हा कधी कर्ज मागणार नाही. ती सावकाराकडे जाईल. गट मोडायला चोरीच व्हावी लागते असं नाही, एक सैल तोंडही पुरतं.

चौथी, बाईच्या बाजूनं उभं राहणं. गटातल्या एखादीला मार पडला, एखादीच्या लेकीचं शिक्षण बंद होऊ लागलं, तर ही नवी बाई काय करेल? सोबत दवाखान्यात येईल? १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावू देईल? की "नवरा-बायकोचं भांडण हाय, आपल्याले काय करायचं" म्हणून पदर झटकून निघून जाईल?

शब्द, खरेपणा, तोंड राखणं, बाजूला उभं राहणं. या चारही गोष्टींना पैसा लागत नाही, जात लागत नाही, शिक्षण लागत नाही. सही न येणारी बाई या चारही गोष्टींत पहिली येऊ शकते. "मले हिशोब समजत नाई, पन मी खोटं बोलनार नाई," असं म्हणणारी बाई कितीतरी गटांचा आधार झालेली असते.

आता जरा अवघड बोलते. या चार गोष्टी न पाहता आपण ज्यांना बाहेर ठेवतो, त्या कोण असतात?

एक, विधवा. आपल्या पश्चिम विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, कितीतरी तरुण बायांवर एकटीनं घर चालवायची वेळ आली. गटाची सगळ्यात जास्त गरज या बायांना असते. आणि आपण काय करतो? गटाची बैठक आणि हळदीकुंकू एकाच दिवशी, एकाच ओट्यावर ठेवतो. तिला कोणी येऊ नको म्हणत नाही. तीच येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की आमच्या गावात नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ग्रामपंचायत ठराव करू शकते, तर दहा बायांच्या गटाला काय अवघड आहे? एक तर हळदीकुंकू आणि बैठक वेगळ्या दिवशी ठेवा. नाही तर हळदीकुंकू सगळ्यांचं करा, सगळ्यांच्या कपाळाला लावा, सगळ्यांना वाण द्या. सावित्रीबाईंचं जाजम आठवा.

दोन, रोजमजुरी करणारी आणि हंगामी कामाला बाहेर जाणारी. वीटभट्टीवर, दुसऱ्या जिल्ह्यात कामाला ती चार महिने जाते. बचत खंडते म्हणून तिला घेत नाहीत. तिच्यासाठी नियम वाकवता येतो. जायच्या आधी चार महिन्यांची बचत थोडी थोडी भरून घ्या, किंवा परत आल्यावर दोन हप्त्यांत घ्या. बचतीची रक्कम ठरवताना गटातल्या सगळ्यात गरीब बाईला झेपेल ती ठरवा. पन्नास रुपयांची बचत असलेला गट शंभरवाल्या गटापेक्षा कमी दर्जाचा नसतो.

तीन, कर्जात असलेली. खाजगी फायनान्सवाले पाच-दहा बायांचा घोळका करून कर्ज देतात, आठवड्याला हप्ता घेतात. अशा दोन-तीन कर्जांत अडकलेली बाई गटात यायला पाहते. तिला पाहून सगळ्या दचकतात. पण कर्ज असणं हा दोष नाही. लपवणं हा दोष आहे. तिला सरळ विचारा, "ताई, कुठं कुठं किती बाकी आहे, सांग." तिनं सगळं सांगितलं, तर पहिल्या सहा महिन्यांत तिनं बचतच करावी, मोठं कर्ज मागू नये, असं ठरवून घ्या. तिनं लपवलं आणि नंतर कळलं, तर मग थांबा.

चार, अपंग बाई, आणि गावाबाहेरच्या वस्तीवरची बाई. गटात साधारण दहा ते वीस बाया असाव्या असा उमेदचा नियम. पण अपंग बायांसाठी, दुर्गम आदिवासी भागासाठी पाच जणींचाही गट होतो. मेळघाटातल्या मैत्रिणींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

बाहेर ठेवलेल्या बाया पाहिल्या. आता ज्यांना आपण घाईनं आत घेतो, त्यांच्याकडेही पाहू. पदाधिकाऱ्याची बायको, दुकानवाल्याची बायको, व्याजानं पैसे देणाऱ्या घरातली बाई. ओळखी कामाला येतील म्हणून घेतो. त्या वाईट असतात असं नाही. त्यातल्या कितीतरी खूप कष्ट करतात. पण त्यांनाही त्याच चार गोष्टी लावा. ती खाली जाजमावर बसणार आहे का? तिच्या दुकानात उधारी असलेली बाई तिच्यासमोर बैठकीत "नाही" म्हणू शकेल का? जिच्यासमोर बाकीच्यांची जीभ वळत नाही, ती बाई आत आली की गटाचे निर्णय तिच्या घरी होऊ लागतात. मग वहीवर सह्या आपल्या आणि मर्जी तिची.

एक अवघड प्रसंग सांगते. बाई शब्दाची पक्की आहे, पैशात खरी आहे. पण लेक सोळा वर्षांची आहे आणि उन्हाळ्यात तिचं लग्न करायचं घरात घाटत आहे. अशा बाईला घ्यावं का? काही मैत्रिणी म्हणतील, आपले विचार जुळत नाहीत, नको. मी म्हणेन, घ्या. पण आधी तिला गटाचा नियम सांगा: अठरा वर्षांच्या आतल्या लग्नाला हा गट एक रुपया कर्ज देत नाही, आणि अशा लग्नाला गटातली कोणी जातही नाही. तिला बाहेर ठेवलं तर त्या पोरीपर्यंत पोचायची वाटच बंद होते. ती आत आली, बारा बायांत बसली, तर बोलायला जागा राहते. घरात तिचं कोणी ऐकत नसेल, तर बारा जणींचं पाठबळ तिला मिळेल. विचार जुळणं म्हणजे सगळं आधीच जुळून आलेलं असणं नव्हे. एकत्र बसायला, ऐकायला, बदलायला ती तयार आहे का, हे पाहायचं. पण नियम मात्र तिच्यासाठी ढिला करायचा नाही.

आता हे सगळं करायचं कसं? पाच पायऱ्या सांगते.

पहिली पायरी. तिला लगेच सभासद करू नका. तीन बैठकींना नुसतं बसायला बोलवा. चहा द्या, हिशोब तिच्यासमोर वाचा. फक्त एक करा: कोणाच्या कर्जाचं खाजगी कारण निघणार असेल, तर तो विषय तेवढा नंतर घ्या. त्या तीन बैठकींत तुम्हाला ती कळेल, आणि तिला तुम्ही कळाल.

दुसरी पायरी. नियम वाचून दाखवा. आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब लिहिणं. त्याच्या पुढं गटाचे स्वतःचे नियम वाचा. दंड किती, कर्ज कशाला देतो, कशाला देत नाही, गटातलं बोलणं बाहेर गेलं तर काय. वाचता न येणाऱ्या बाईला तिच्या बोलीत समजावून सांगा. कोरकू बाई असेल तर कोरकूत सांगणारी कोणी सोबत घ्या.

तिसरी पायरी. तिला विचारू द्या. ही पायरी आपण नेहमी विसरतो. आपण तिची परीक्षा घेतो, पण तिनंही आपली परीक्षा घेतली पाहिजे. "तुमच्या गटात अध्यक्ष किती वर्षं झाली तीच आहे?" "मागच्या वर्षी कर्ज कोणाकोणाला मिळालं?" असं तिनं विचारलं तर रागावू नका. अशी विचारणारी बाई मिळाली तर गटाचं भाग्य समजा.

चौथी पायरी. निर्णय सगळ्यांनी घ्या. अध्यक्ष-सचिवांनी आपसांत ठरवून टाकू नये. आणि हात वर करून घेऊ नका, कारण सासूसमोर सून, मालकिणीसमोर मजूर हात वर करताना बिचकते. एक सोपी रीत सांगते. एक मडकं घ्या, तोंडावर कापड टाका. प्रत्येकीला एक जवारीचा दाणा आणि एक तुरीचा दाणा द्या. घ्यावं वाटत असेल तर जवारी, थांबावं वाटत असेल तर तूर. मुठीत धरून मडक्यात टाका, दुसरा दाणा आपल्याजवळच ठेवा. मग मोजा. तुरीचे दाणे निघाले, तर कोणी टाकले हे शोधू नका. शंका काय आहे तेवढी विचारा. आणि शंका त्या चार गोष्टींपैकी कोणती आहे, हे प्रत्येकीनं मनाशी तपासा. ती चारांतली नसेल, जातीची असेल, माहेरच्या जुन्या भांडणाची असेल, तर ती शंका मडक्यात नको.

पाचवी पायरी पैशाची. इथं बरेच गट अडतात, म्हणून उदाहरण घेऊन सांगते. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

समजा, तुमचा बारा जणींचा गट आहे. महिन्याला शंभर रुपये बचत, तीन वर्षं झाली. प्रत्येकीची बचत झाली ३,६०० रुपये. बारा जणींची ४३,२०० रुपये. अंतर्गत कर्जाच्या व्याजातून खर्च जाऊन १०,८०० रुपये नफा साठला. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ९०० रुपये. आता तेरावी बाई आली. जुन्या म्हणतात, "आमच्या बरोबरीनं बसायचं असंन तं साडेचार हजार आन." मजुरी करणारी बाई एकदम साडेचार हजार कुठून आणेल? ती तिथूनच माघारी जाते.

याला सोपी वाट आहे. जुना नफा जुन्यांचा. तो ९०० रुपयांप्रमाणे प्रत्येकीच्या पासबुकात लिहून टाका. आता जुन्या बाईच्या नावावर ४,५०० झाले, नवीच्या नावावर शून्य. इथून पुढं सगळ्या शंभर-शंभर भरा. वर्षानं जुन्या बाईचे ५,७०० होतील, नवीचे १,२००. गटाचे एकूण ६९,६००. समजा, त्या वर्षी ६,९६० रुपये नफा झाला. म्हणजे रुपयामागं दहा पैसे. जुन्या बाईला ५७० रुपये, नवीला १२०. जिचे जितके, तिला तितके. कोणाचं काही गेलं नाही, आणि नवी बाई शंभर रुपयांत आत आली. आजारपणासाठी छोटं कर्ज तिला पहिल्या महिन्यापासून द्या, मोठं कर्ज सहा महिन्यांनी. हे सगळं ठराव वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या.

आणि नाहीच घ्यायचं ठरलं तर? तर तिला सांगा. निरोप पाठवू नका, टाळू नका. दोघी जणी जा आणि खरं कारण सांगा. "तुम्ही कर्जाचं आम्हाला सांगितलं नव्हतं, म्हणून आम्ही थांबलो. सहा महिन्यांनी परत बोलू." एवढं स्वच्छ. जागा नाही म्हणून खोटं सांगू नका. खरंच वीस जणी झाल्या असतील, तर गट फुगवू नका. वीसच्या वर बाया झाल्या की सगळ्यांना बोलायला मिळत नाही, दोन-चार जणीच बोलतात. त्यापेक्षा नव्या बायांचा नवा गट उभा करा. जुन्या गटातल्या दोघींनी सहा महिने त्यांच्या बैठकीत जाऊन हिशोब शिकवावा. मग दोन्ही गट ग्रामसंघात एकत्र येतीलच.

शेवटची गोष्ट आपल्या स्वतःबद्दल. नव्या बाईला या चार गोष्टी लावताना, आधी त्या आपल्याला लावून पाहा. आपण बैठकीला वेळेवर येतो? आपल्या सगळ्यांच्या पासबुकात आजच्या तारखेपर्यंत नोंद आहे? मागच्या वर्षी गटातलं कोणतं बोलणं बाहेर गेलं? कोणाला मार पडला तेव्हा आपण किती जणी गेलो? आपली वही अर्धी कोरी आणि नव्या बाईला मात्र शिस्तीचे धडे, असं नको. नव्या बाईच्या निमित्तानं आपली झाडलोट होते, हाही तिच्या येण्याचा फायदा.

तर या आठवड्याच्या बैठकीसाठी तीन प्रश्न देते. आपल्या गावात, आपल्या वस्तीत गटाबाहेर राहिलेली अशी कोणती बाई आहे, जिला आपण कधी विचारलंच नाही? ती बाहेर का राहिली, याचं खरं कारण काय? आणि आपल्या गटाचा कोणता नियम बदलला तर ती आत येऊ शकेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठराव वहीत लिहा. मग दोघी जणी तिच्या दारी जा. हातावर तिळगूळ ठेवा आणि पुढच्या बैठकीची वेळ सांगा. तिला जमणारी वेळ आधी विचारा मात्र.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि हिशोबाचं खरं बोला.